लांजेवारकाका डिस्क मोजतात

लांजेवारकाकांना गोल केक आवडत नाही. गोल केकला कॉर्नरचा प्लॉट निघत नाही.

हे मला कळलं ते माझ्या घरमालकांच्या नातीच्या वाढदिवसाला. मुलीने मेणबत्ती विझवली, टाळ्या वाजल्या, आणि शेजारच्या घरातले एक उंच, वाळलेले गृहस्थ पुढे सरसावले. त्यांनी शर्टाच्या खिशातून मोजायची टेप काढून केकवर धरली. "थांबा. आधी हद्द कायम करा, मंग सुरी चालवा." टेप उभी धरून झाली, आडवी धरून झाली. मुलगी रडायच्या बेतात आली. शेवटी काकांनी मान हलवली आणि निकाल दिला, "याच्यात लय जमीन वाया जाते. पुढच्या साली चौकोनी आणजा."

काकांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. नागपूरच्या बेसा भागात आता प्लॉट पाडून वसवलेल्या लेआउटला लेआउट चिकटले आहेत, पण तिथे तुरीची शेतं होती तेव्हा काकांनी ती पायी मोजली होती. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, मोजणी सुटली नाही. रोज सकाळी फिरायला निघत आणि प्रत्येक फाटकाशी थांबून मनातल्या मनात हिशेब करत. कोणाचा ओटा दीड फूट रस्त्यावर आला, कोणाची तुळस नालीवर गेली, हे ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगत. मी राहायला आले त्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, तुही गाडी रस्त्यात येऊन राहिली." मी गाडी आत घेतली. त्यांनी टेप लावून पाहिली आणि म्हणाले, "अजून सहा इंच."

अशा माणसाला चहाला कोण बोलावणार? लोक त्यांना लांबून नमस्कार करत आणि लगबगीने घरात शिरत. मीही सुरुवातीला तेच केलं.

पण एक गोष्ट मला कळेना. माझी खिडकी त्यांच्या बैठकीवर उघडायची. मी घरूनच काम करायची, त्यामुळे दुपारभर तिथेच बसलेली असायची. जेवणं आटोपून सगळा लेआउट कूलर लावून झोपला, की काकांच्या बैठकीत पत्त्यांचा डाव रंगायचा. "भोयर, लेका, राणी दाबून बसला काय?" "सुमन, लालपान काहून टाकलं वं? कधी शिकशील तू?" मग मोठ्ठं हसू. मला वाटायचं, म्हातारा गल्लीत एवढा खवचट, तरी घरी मैफल आहे बुवा! मला चक्क हेवा वाटायचा. माझ्याकडे दुपारी फक्त कुरिअरवाला यायचा.

एकदा पाण्याच्या मोटरचं काही विचारायला गेले. दार उघडंच होतं. बैठकीत एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर काका एकटेच होते. पडद्यावर हिरव्या रंगाचं टेबल, चार बाजूंना पत्ते. एका बाजूखाली लिहिलं होतं सुमन, दुसऱ्याखाली भोयर.

"हा काळ्या राणीचा डाव आहे," काका जराही न लाजता म्हणाले. "हुकमाची म्हणजे इस्पिकची राणी ज्याच्या गळ्यात, तो मेला. बस."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. भोयर त्यांच्या खात्यातला दोस्त. तोही गेला. कधी काळी ते सगळे याच बैठकीत सतरंजीवर बसून खरे पत्ते पिसत. आता ते पत्ते कॉम्प्युटर वाटायचा आणि काका एकटेच सगळ्यांशी भांडायचे. मी मोटरचं विचारायचंच विसरले. घरी येऊन खिडकी बंद करून घेतली, कारण मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी उघडली. दुपारी त्यांचं भांडण ऐकू आलं नाही, तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं होतं.

या मे महिन्यात तो आवाज थांबला. कॉम्प्युटरची डिस्क गेली. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "काकाजी, ये तो खतम हो गई. नवा घेऊन टाका." काकांनी नवा घ्यायला नकार दिला. मी त्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा खेळ टाकून दिला. तिथे पलीकडे खरी माणसं असतात, म्हटलं बरं होईल. काका एकेक पान विचार करून टाकणारे. ती खरी माणसं दोन मिनिटं थांबली आणि त्यांनी काकांना डावाबाहेर काढलं. मधेच कर्जाची जाहिरातही लागली. काकांनी मोबाईल उलटा ठेवला. "तिथं कोणी कोणासाठी थांबत नाही," ते म्हणाले. त्यानंतर ते दुपारभर फाटकात उभे राहायला लागले. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ही, त्या उन्हात कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही.

त्यातच मला कंपनीचं पत्र आलं. घरून काम बंद, पुण्याला या. मी शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. कूलर विकला, घर सोडत असल्याचं मालकांना सांगितलं. काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "म्हणजे शुक्रवारपर्यंत आहे ना तू? मंग मले ते हिरव्या टेकडीवालं जुनं बसवून दे." जुन्या विंडोजच्या पडद्यावर ती हिरवी टेकडी असायची, ते. दुरुस्तीवाल्याने त्याला हात लावायला नकार दिला होता. पण काळी राणी त्याच्यातच होती. काका स्वतः बर्डीच्या बाजारात जाऊन एक वापरलेली डिस्क घेऊन आले. दुकानात पाचशे जीबीच्या खालची नव्हतीच. मूळ सीडी त्यांनी कपाटातून काढली. ती मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती.

शुक्रवारी दुपारी बसलो. सीडी घरघरली, निळा पडदा आला, आणि लगेच लांबलचक करारनामा.

"काका, एफ-एट दाबा."

"काहून?"

"मान्य आहे म्हणून."

"वाचल्याशिवाय?"

मग त्यांनी काचेवर बोट ठेवून तो सगळा इंग्रजी करारनामा वाचला. तोवर मी काकांच्या कूलरमध्ये पाणी भरून आले, चहा करून आणला, तो प्यायले. शेवटी "ठीक आहे, आपल्या विरोधात काही नाही," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पुढची चूक माझी. सिस्टीम टाकायच्या आधी डिस्कचे भाग पाडावे लागतात, हे मी बोलून गेले.

"म्हणजे लेआउट!" काकांचा चेहरा असा उजळला की बैठकीतला बल्ब फिका पडावा. हात आपसूक टेपकडे गेला. "रस्ता किती सोडायचा?"

"डिस्कमध्ये रस्ता नसतो काका."

"मंग आतमधी जातात कसे?"

मी पुढचं बटण दाबायला गेले. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. पण काकांची नजर पडद्यावरच्या आकड्यावर गेली आणि ते ताठ झाले.

"आपण पाचशेची आणली ना वं?"

"हो."

"हे तं एकशे तीसच्या आसपास दाखवून राहिलं. सातबाऱ्यावर पाचशे अन् मोक्यावर एकशे तीस? बाकीची जमीन दाबली कोणी?"

ते चपला घालायला उठले. बर्डीच्या दुकानदाराला जाब विचारायचा होता. मी त्यांना दंडाला धरून बसवलं आणि समजावलं. जमीन पूर्ण आहे, कोणी खाल्ली नाही. ही सीडी फार जुनी आहे. ती निघाली तेव्हा घरात एवढ्या मोठ्या डिस्क नसायच्या, म्हणून तिला त्यापुढचं मोजताच येत नाही.

काकांनी टेप परत खिशात टाकली. "म्हणजे याची मोजायची साखळीच तेवढी आहे," ते हळू म्हणाले. "बराबर आहे. मलेही मनीषनगरच्या पुढचं काही ओळखू येत नाही आता."

मग पाडला लेआउट. पहिला प्लॉट सिस्टीमला, तोही मोठा नको, "खेळायले किती जागा लागते?" दुसरा मागे मोकळा ठेवला. आणि काय सांगू, भाग पाडून झाल्यावर सगळ्यात खाली आठ एमबीचा एक बारीक तुकडा कोणालाच न देता शिल्लक दिसायला लागला. ती सीडी तो स्वतःच सोडते, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"रस्ता!" काकांनी मांडीवर थाप मारली. "पाह्य! सोडला का नाही? अन् म्हणे डिस्कमधी रस्ता नसते!"

मी हार मानली.

डिस्क साफ व्हायला लागली. पिवळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. काकांनी विचारलं, पुण्यात घर पाहिलं का? म्हटलं, मैत्रिणीबरोबर राहणार आहे. "मोजून घेजो," ते म्हणाले. "तिकडचे लोक सांगतात एक, अन् निघते कमी." एवढं बोलून पुन्हा पट्टीकडे पाहत बसले.

ऊन कलता कलता हिरवी टेकडी उगवली. काकांनी केसांवरून हात फिरवला, खुर्ची पुढे ओढली. काळ्या राणीचा डाव उघडला तर तीन परकी नावं बसलेली होती, पॉलीन, मिशेल, बेन. काकांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत मिशेलच्या जागी सुमन लिहिलं. बेनच्या जागी भोयर. आणि हात मागे घेतला.

"काका, तिसरं राहिलं."

"राहू दे."

"तुमच्यात चौथं कोण खेळायचं?"

"गिरडकर."

गिरडकर मला ऐकून माहीत होते. बरीच वर्षं झाली, ते मुलीकडे इंदूरला गेले ते तिकडेच राहिले. आता त्यांना फोनवर ऐकूही येत नव्हतं, खुशाली मुलगी सांगायची. "मग त्यांचं नाव टाका ना," मी म्हटलं.

"त्याचं काहून टाकू?" काकांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तो गेला थोडाच. सुमन काही न बोलता गेली. भोयरही तसाच. त्यायले मी इथं बसवलं. गिरडकरनं या फाटकात उभं राहून मले सांगितलं, येतो गा लांजेवार. माणूस येतो म्हणून गेला अन् मी त्याची जागा भरून टाकू? ही पावनी बाई बसली आहे, तिले बसू दे तवरक."

अशा वेळी मी नेहमी थट्टा करते, तशीच केली. "मग माझं टाका. मी तर उद्या चाललेच आहे."

काकांनी माऊसवरचा हात उचलला. माझ्याकडे वळले. "तू वापस नाही येणार काय वं?"

मी हसायचा प्रयत्न केला, तो फसला. कूलर विकला होता, घर सोडलं होतं, सामान बांधून झालं होतं. मी परत येणार नव्हते, आणि हे मला त्या क्षणापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. मी "डाव वाटा काका" म्हटलं आणि चहाचे कप घेऊन आत गेले. आत उभी राहून मी रडले, हे इथे सांगून टाकते.

शनिवारी सकाळी ऑटोत बॅगा चढल्या. काका फाटकात उभे होते. घरातून बाहेर पडताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. मी लहानपणापासून सवयीने म्हणत आले, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातानासुद्धा. त्या सकाळी मात्र तो शब्द म्हणायच्या आधी मी थबकले. समोरचा माणूस तो खरा धरणार होता आणि त्या भरवशावर वर्षानुवर्षं जागा राखून ठेवणार होता. ऑटोवाल्याने हॉर्न दिला. मग मी म्हटलं आणि म्हणताना ठरवलं की हे खोटं पडू द्यायचं नाही.

"येते काका."

"हाव. येजो," लांजेवारकाका म्हणाले. "गिरडकर आधी आला, तं सरकून बसू."