सतराव्या ओळीतला एरर

हमीदाचा डेमो चार वाजता होता आणि तिने नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं, "तुम्ही आज ऑफिसलाच जा."

खैरुद्दीनने तरीही सुट्टी टाकली. बायको एकोणीस वर्षांनी पुन्हा शिक्षिका होणार आणि आपण पोर्टवर कंटेनर मोजत बसायचं, हे त्याला पटेना. रत्नागिरीत हमीदा गणित शिकवायची. शारजात आल्यावर संसार झाला, मुलगी यम्ना मोठी होऊन अबुधाबीच्या हॉस्टेलवर गेली, आणि तिने मागे ठेवलेल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर हमीदाने दोन वर्षं घासून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. आता अजमानमधल्या एका शाळेने तिला ऑनलाइन धडा घेऊन दाखवायला बोलावलं होतं.

दोन वाजता हमीदाच्या हेडफोनचा माइक खरखरू लागला. "मी रोल्याच्या बाजारात जाऊन नवीन घेऊन येते," ती चपला घालता घालता म्हणाली. "लॅपटॉपला हात लावू नका."

"नाही गं बाई."

ती लिफ्टमध्ये शिरली असेल-नसेल, तोच खैरुद्दीनला कीबोर्डवरची धूळ दिसली. शाळेची माणसं बघणार आणि लॅपटॉपवर धूळ? त्याने ओलं फडकं आणलं आणि कीबोर्ड असा काही पुसला की बटणं चकाकली. मान वर केली तर स्क्रीनवर अक्षरांची माळ लागली होती. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून हमीदाने सकाळी एडिटरची, म्हणजे जिथे प्रोग्रॅम लिहितात त्या खिडकीची, सेटिंग्जची फाइल उघडून ठेवली होती. खैरुद्दीनने घाईने ती बंद केली. "सेव्ह करू का?" लॅपटॉपने अदबीने विचारलं. इतक्या अदबीने विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? त्याने 'येस' दाबलं.

मग सगळं ठीक आहे ना, हे बघायला त्याने एडिटर पुन्हा उघडला. खिडकी उघडली, त्यात एक लाल ओळ चमकली आणि खिडकी बंद झाली. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. सहाव्या वेळी त्याने चौदाव्या मजल्यावरच्या सत्यजितला फोन लावला.

सत्यजितचा धंदा एसीचे डक्ट बसवायचा. पण मागे एकदा त्याने राऊटर बंद करून चालू केला आणि सगळ्या मजल्याचं वायफाय सुरू झालं. तेव्हापासून टॉवरमध्ये त्याला इंजिनियर म्हणत. तो घरातल्या हाफपँटवरच खाली आला.

"खैरूभाई, नो टेन्शन. काय लिहून येतंय?"

"लाल लाल काहीतरी येतंय."

"लाल म्हणजे सीरियस." सत्यजितने बोटं मोडली. "उडवू या आणि परत टाकू या."

त्याने इंटरनेटवरून एक ओळ शोधली, लॅपटॉपला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत टाकली आणि सुरुवातीला 'सुडो' लिहिलं.

"हे सुडो काय?"

"जबरदस्ती. मशीन नाही म्हणत असेल तरी करायला लावायचं."

यम्नाने सुडोला पासवर्ड लागणार नाही असं करून ठेवलं होतं. एडिटर उडाला. पुन्हा आला. "यल्ला, चला, नवाकोरा!" सत्यजितने टाळी वाजवून तो उघडला. लाल ओळ चमकली, खिडकी बंद.

"घर बदललं तरी भाडेकरू तोच," खैरुद्दीन पुटपुटला.

आता इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेत कोणीतरी लिहिलेलं सापडलं की सेटिंग्जमध्ये या सहा ओळी टाका, माझं चाललं. सत्यजितने काळ्या खिडकीतूनच त्या टाकल्या. एडिटर उघडला. आधी एक लाल ओळ यायची, आता सात आल्या.

"वाढले की हो!"

"प्रगती आहे, खैरूभाई. आधी एकच सांगत होता, आता मोकळेपणाने बोलतोय."

मोकळेपणा आणखी वाढावा म्हणून सत्यजितने लॅपटॉप बंद करून चालू केला. लॅपटॉपने पासवर्ड विचारला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

खैरुद्दीनने हमीदाला फोन लावला. "कुठे आहेस?"

"दुकानात. काय झालं?"

"काही नाही. तुझा पासवर्ड काय आहे गं?"

"कशाला हवाय?"

"सहज. नवरा-बायकोत असं काही लपवालपवी नको ना."

 हमीदाने आपल्या वस्तीचं नाव, 'majaz', आणि त्यापुढे यम्नाच्या जन्माचं साल सांगितलं. त्याने टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. चूक. पुन्हा फोन.

"हमीदा, एम लहान की मोठा?"

"खैरुद्दीन." लग्नाच्या चोवीस वर्षांत तिने त्याला नावाने तीनदाच हाक मारली होती आणि तिन्ही वेळा काहीतरी फुटलं होतं. "तुम्ही लॅपटॉपला हात लावलात?"

"टनेल आला, आवाज तुटतोय!" असं म्हणून खैरुद्दीनने हॉलमध्ये बसल्या बसल्या फोन कापला.

मग त्याने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. यम्नाने लॅपटॉपकडे नुसतं एकदा पाहिलं.

"अब्बा, इट्स ऑन अरेबिक. लुक अॅट द कॉर्नर."

खरंच कोपऱ्यात अरबीची खूण होती. लॅपटॉप पुन्हा चालू करताना दोन बटणं एकदम दबली असणार. गेली चाळीस मिनिटं दोघं अरबीत माजाज लिहीत होते. सत्यजितने भाषा बदलली, लॅपटॉप उघडला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

"अँड व्हॉट डझ द एरर से?" यम्नाने विचारलं.

"त्यात काय वाचायचं? एरर म्हणजे एरर."

"अब्बा, जस्ट रीड इट! माय क्लास इज स्टार्टिंग, बाय." कॉल संपला.

"पोरांना पेशन्सच नाही," सत्यजित म्हणाला आणि एडिटर दुसऱ्यांदा उडवायला घेतला.

इतक्यात दारात चावी फिरली. सत्यजितला आपल्या हाफपँटची आठवण झाली आणि तो किचनमध्ये पळाला. हमीदा घामाघूम होऊन आत आली. चारला पाच मिनिटं होती.

"हमीदा, चहा टाकू? की आधी लिंबू सरबत? म्हणजे मला काय सांगायचंय..."

"नंतर." ती हेडफोन जोडून बसलीसुद्धा. मीटिंग सुरू झाली. पडद्यावर शाळेचे प्रिन्सिपल आले, शेजारी एक सुपरवायझर बाई.

"गुड आफ्टरनून, मॅडम. प्लीज स्टार्ट. समझिए कि हम बच्चे हैं."

हमीदाने हसून स्क्रीन शेअर केली आणि एडिटर उघडला. सात लाल ओळी चमकल्या. खिडकी बंद.

दाराआड खैरुद्दीनने डोळे मिटून घेतले. नोकरी गेली. दोन वर्षांची मेहनत एका फडक्याने पुसली गेली होती. त्याला आत जाऊन सांगावंसं वाटलं, की सर, गुन्हा माझा आहे, हिला शिक्षा नको. पण तो दाराला चिकटूनच उभा राहिला.

हमीदाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिने ओढणी सारखी केली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "बच्चों, एरर आया तो सबसे पहले क्या करते हैं?"

पलीकडे प्रिन्सिपलनी चष्मा सारखा केला.

"पढ़ते हैं. देखो, क्या लिखा है? सेटिंग्ज फाइल, लाइन सेव्हन्टीन. मतलब एडिटर खराब नहीं है. वो खुद बता रहा है कि दर्द कहाँ है."

तिने काळ्या खिडकीतूनच ती फाइल उघडली. सतराव्या ओळीत आडव्या हाताने पुसल्यासारखी अक्षरं होती: ए, एस, डी, एफ, जी, थेट सेमीकोलनपर्यंत. हमीदाने दाराकडे एक नजर टाकली. खैरुद्दीन दोन पावलं मागे सरकला. तिने ती ओळ खोडली. खालच्या सहा अनोळखी ओळींकडे पाहून ती क्षणभर थांबली. किचनमध्ये एक डबा पडला. तिने त्याही खोडल्या, फाइल सेव्ह केली आणि एडिटर उघडला. तो शहाण्या मुलासारखा उघडून उभा राहिला.

"सॉरी सर. अब मैं अपना लेसन शुरू करती हूँ."

"नहीं नहीं, रुकिए!" प्रिन्सिपल पेन शोधत होते. "वो फाइल किधर रहती है, फिर से दिखाइए."

तिने दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. सुपरवायझर बाईंनी फोटो काढला. धड्याचं कोणी नावच काढलं नाही.

"मॅडम," बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "आमच्या लॅबमधले तीस कॉम्प्युटर सोमवारपासून असेच करतायत. सगळ्यांची सेटिंग्ज एकाच ठिकाणाहून येतात. टेक्निशियन म्हणतो, सगळे नवीन घ्या. तुम्ही रविवारी येऊ शकाल? जॉइनिंगचे पेपर तयार ठेवते."

मीटिंग संपली. सत्यजित ओट्यावरचा टॉवेल कमरेला गुंडाळून अभिनंदन करायला बाहेर आला. खैरुद्दीन खाली मान घालून उभा राहिला. हमीदा काही बोलणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. प्रिन्सिपल होते. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आप अकेली हैं ना?" आवाज अगदी दबका होता. "एक रिक्वेस्ट थी. संडे को लॅब में वो लाइन नंबर निकलेगा, तो किसने बिगाड़ा वो मत बताइएगा. मैं सिर्फ देख रहा था. उसने पूछा सेव्ह करूँ क्या, तो मैंने यस कर दिया."

हमीदाने फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिने फोन त्याच्या हातात दिला आणि आत चहा टाकायला गेली.

चहा उकळला, गाळून झाला, हमीदाचा आणि सत्यजितचा पिऊनही झाला. खैरुद्दीन अजून बाल्कनीतच होता. रेलिंगला टेकून, एक हात हवेत नाचवत तो कोणा जिवाभावाच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होता.

"नहीं सर, कबूल तो करनाच नहीं. आप बस शांत रहिए. हमारी मॅडम है ना? इन्शाल्ला, वो पढ़ लेगी."