विशेषणांचा मान

पारनेर तालुक्यातल्या पिंपळखडी गावात पाणी कमी आणि मान फार. जत्रेत काठीचा मान थोरल्या आळीचा, पालखीचा पहिला खांदा धाकट्या आळीचा, पहिला नारळ मळेकऱ्यांचा, ढोलाची पहिली टिपरी वरच्या वस्तीची. वेशीकडच्या घरांना वाटपात काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांना भांडण सोडवण्याचा मान दिलेला आहे. तो बजावता यावा म्हणून आधी ते भांडण लावतात.

अशा या गावाला एके दिवशी वरून कागद आला. 'गाव तेथे कथा' उपक्रमांतर्गत प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील देवस्थानाचे यथोचित वर्णन असलेली एक कथा ग्रामसभेच्या मंजुरीसह सादर करावी. कथा काल्पनिक असावी, वर्णन वस्तुनिष्ठ असावे. निवडक गावांचा तीर्थक्षेत्रांच्या यादीसाठी विचार केला जाईल.

ग्रामसेवक बिभीषण यांनी तो कागद शाळेत सत्यशीलाबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. गावात लिहिणारी तेवढी एकच. तिच्या दोन गोष्टी दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या आणि गावानं त्याबद्दल तिला मोठ्या मनानं माफ केलं होतं. खिचडी, मतदार यादी आणि जनगणना यांच्यात आणखी एक काम वाढलं, पण या कामाचा सत्यशीलाला चक्क आनंद झाला. भैरवनाथाच्या देवळावर तिचा जीव होता.

देऊळ होतंच तसं. दगडावर दगड, मध्ये चुन्याचं बोटसुद्धा नाही. दार इतकं बुटकं की ताठ मानेचा माणूसही वाकूनच आत जाई. तिच्या सासूबाई, भागूबाई, उन्हाळ्यात रोज दुपारी तिथं एका खांबाला पाठ लावून बसत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठी घासून तो खांब तेवढ्या जागी गुळगुळीत झाला होता. सत्यशीलाची गोष्ट अशाच एका म्हातारीची होती, आणि गोष्टीत देवळाचं वर्णन एकाच वाक्यात होतं: 'देऊळ काळ्या दगडाचं होतं, आणि आत शिरलं की डोक्यातलं ऊन उतरायचं.'

या वाक्याला तिला चार दिवस लागले होते. आधी 'सुंदर' लिहिलं, खोडलं. 'मनोहर' लिहिलं, त्याचीही तिला लाज वाटली. शेवटी सासूबाई जे रोज बोलत तेच तिनं लिहून टाकलं आणि तिला हलकं वाटलं.

ग्रामसभेत गोष्ट वाचून झाली आणि जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष काकासाहेब उठले. ही समिती अठरा वर्षांपूर्वी नेमलेली होती आणि तिच्या हातून अजून काही घडलेलं नव्हतं. गावावर भैरवनाथाची कृपा होती ती अशी.

"बाई, गोष्ट लई झाक हाय. पन देवळाचं वर्णन कुटं हाय?"

"केलंय की. काळ्या दगडाचं, आत गार."

"गार तर आमचा माठबी हाय," काकासाहेब म्हणाले. "शेजारच्या गावानं त्यांच्या गोष्टीत 'भव्य' घातलंय. त्यांचं देऊळ बघितलंय का? आमच्या कांद्याच्या चाळीयेवढं हाय. आन आपन नुसतं काळं?"

सभा खवळली. 'काळं' हा शब्द देवाच्या दाराशी वापरलाच कसा, असं वेशीकडच्या कुणीतरी विचारलं. काकासाहेबांनी थोरल्या आळीतर्फे 'भव्यदिव्य' सुचवलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. इथं सगळं थांबायचं. पण धाकट्या आळीचा एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"शबुद थोरल्या आळीनंच घालायचा व्हय? मंग आमी पालखीला खांदा द्यायचा का न्हाई, त्ये आत्ताच सांगा."

मुद्दा बिनतोड होता. रीतीप्रमाणे वाटप झालं. धाकट्या आळीला 'गगनचुंबी' मिळालं, मळेकऱ्यांना 'संगमरवरी', वरच्या वस्तीला 'सुवर्णकळसमंडित'. तरुण मंडळानं 'हायटेक'साठी आग्रह धरला. बचत गटाच्या बायकांनी 'प्रसन्न' मागितलं आणि ते कुणालाच नको असल्यामुळे लगेच दिलं. वेशीकडच्यांनी भांडण सोडवल्याबद्दल 'पंचक्रोशीत एकमेव' घेतलं. बिभीषणनी सगळं ठरावात उतरवून घेतलं.

"अहो, पण यातलं एक तरी आपल्या देवळाला लागू पडतं का?" सत्यशीलानं विचारलं.

"बाई, गोष्टच हाय ना," काकासाहेब समजुतीनं म्हणाले. "गोष्टीत काय बी चालतंय."

महिन्याभरानं तालुक्याहून पंकजा मॅडम आल्या. त्यांचं पद विशेषण पडताळणी अधिकारी, आणि हातात टेप व तक्ता. मॅडम अत्यंत सरळ बाई होत्या. चहासुद्धा त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला घेतला. देवळाला चारी बाजूंनी फेरी मारून त्यांनी तक्ता भरला. गगनचुंबी: शिखराची उंची एकोणीस फूट, तफावत आढळली. संगमरवरी: दगड काळा, तफावत आढळली. सुवर्णकळसमंडित: कळस पितळी, त्यावर कावळा. हायटेक: एक बल्ब, तोही उडालेला. प्रसन्न या रकान्यापाशी त्या देवळाच्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "प्रसन्न आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि बरोबरची खूण केली.

सत्यशीलाला धीर आला. "मॅडम, गोष्ट काल्पनिक आहे. थोडं खोटं असणारच."

"तुमच्या गोष्टीतल्या म्हातारीबद्दल मी एक शब्द तरी विचारला का?" मॅडम म्हणाल्या. "माणसं खोटी चालतात. पण वर्णनाला ग्रामसभेचा ठराव जोडलाय. शासनदरबारी खोटं वर्णन कसं चालेल? नव्वद दिवसांत तफावत दूर करा."

तफावत दूर करायला दोनच वाटा होत्या: शब्द काढायचे, नाहीतर देऊळ बदलायचं. शब्द काढायला कुणी तयार होईना. मळेकरी म्हणाले, आमचं 'संगमरवरी' काढलं तर नारळ दुसऱ्याच्या हातानं फोडा. धाकटी आळी म्हणाली, 'गगनचुंबी' गेलं की पालखी जाग्यावर. तेव्हा सगळ्यांना परवडेल असा मार्ग निघाला. देवळाला मान नव्हता, भावकी नव्हती, आणि तक्रार करायला ते ग्रामसभेत येणार नव्हतं.

"मी माझी गोष्टच मागं घेते," सत्यशीला कळवळून म्हणाली.

"घ्या की," बिभीषण म्हणाले. "गोष्ट तुमची हाय. पन वर्णन ग्रामसभेचं हाय, त्ये न्हाई मागं घेता यायचं."

मग तिनं गोष्ट ठेवली. निदान आपण समोर असलो तर काहीतरी वाचेल, असं तिला वाटलं. तिचं चुकलं. आधी काळ्या दगडाला पांढरा ऑइलपेंट फासून झाला, पण मॅडमनी नख लावून पाहिलं आणि संगमरवराचा केवळ आभास होत असल्याचा शेरा मारला. मग एकोणीस फुटांवर आणखी चाळीस फूट चढवायचं ठरलं. ठेकेदार म्हणाला, जुना दगड एवढं ओझं घेणार नाही, तो काढावा लागेल. जीर्णोद्धार समितीला अठरा वर्षांनी काम मिळालं. सत्यशीला जेसीबीपुढं उभी राहिली, तेव्हा काकासाहेबांनी तिला हात जोडले.

"बाई, तुमच्याच गोष्टीसाठी चाललंय ना ह्ये सगळं? तुमीच आडव्या आल्या तर कसं व्हायचं?"

देव समाजमंदिरात नेऊन बसवला. गुळगुळीत खांबासकट सगळा दगड बंधाऱ्याच्या भरावात गेला. सत्यशीला त्या आठवड्यात घरी येऊन रडायची आणि सकाळी मुलांना वर्गात 'ऐतिहासिक वास्तूंचे जतन' शिकवायची, कारण नेमका तोच धडा चालू होता.

नवं मंदिर जत्रेआधी उभं राहिलं. पांढऱ्या संगमरवरी फरशा, सोन्याचा मुलामा दिलेला कळस, पत्र्याचा मंडप, बदलत्या रंगांचे दिवे आणि माणूस आत आला की आपोआप वाजणारी घंटा. पंकजा मॅडमनी एकेका रकान्यात बरोबरची खूण केली. प्रसन्नपाशी त्या पुन्हा आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "हे मागच्या वेळी तपासलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

भागूबाई पहिल्या दुपारी तिथं गेल्या आणि पाच मिनिटांत परतल्या. "आत लई भाजतंय गं. आन ती घंटा, हालले की वाजतीया." दुसऱ्या दिवसापासून त्या एसटीच्या निवाऱ्यात जाऊन बसू लागल्या. येणारी प्रत्येक गाडी त्यांना विचारी, कुठं जायचंय आजी? त्या म्हणत, कुटंच न्हाई.

हे पाहिलं त्या संध्याकाळी सत्यशीलाला राग आला. उपक्रमातल्या निवडक गोष्टींचं पुस्तक निघणार होतं; त्यासाठी तिच्या गोष्टीचा कच्चा खर्डा दुसऱ्याच दिवशी तिच्या हाती आला. तिनं तो एकदा दुरुस्त करून सर्वांकडे तपासायला पाठवला. थोरल्या आळीनं आपला शब्द जागेवर आहे का ते पाहून सही केली, धाकट्या आळीनं आपला. बिभीषणनी शब्दांची संख्या कमी झालेली नाही एवढं पाहिलं. मॅडमनी सगळ्या सह्या आहेत ना ते पाहिलं. आणि पुस्तक छापून आलं, त्यात तिच्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर हे वाक्य होतं:

'आमच्या गावी भैरवनाथाचे भव्यदिव्य, गगनचुंबी, संगमरवरी, सुवर्णकळसमंडित, विलोभनीय, नयनरम्य, शेकडो वर्षे उभे असलेले काळ्या दगडाचे देऊळ आम्ही स्वतःच्या हातांनी पाडून त्याच्या जागी बांधलेले, दुपारी आत बसवत नसलेले, हायटेक, झगमगते, पंचक्रोशीत एकमेव व प्रसन्न मंदिर आहे.'

प्रकाशन अहिल्यानगरला थाटात झालं. सत्यशीला चार दिवस रागाची वाट पाहत राहिली. कुणीतरी येईल, खडसावेल, नोटीस काढेल, निदान काकासाहेब दारात उभे राहून विचारतील की बाई, हे काय लिहिलंत. काकासाहेब आले, पण पेढे घेऊन. जिल्हाभरातून पत्रं आली. एकानं लिहिलं होतं, वर्णन वाचून डोळ्यांपुढे मंदिर उभे राहिले. दुसऱ्यानं विचारलं होतं, गाडी लावायला जागा आहे का.

शेवटी तिनंच बिभीषणना शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. "भाऊसाहेब, खरं सांगा, ते वाक्य तुम्ही वाचलंत का?"

"कोनतं?"

"देवळाचं. आम्हीच पाडलं असं त्यात सरळ लिहिलंय मी."

बिभीषण मोकळेपणानं हसले. "बाई, देवळाचं वर्णन कोन वाचतंय? पयला शबुद बघायचा, शेवटचा बघायचा, आन म्होरं जायाचं."

सुज्ञ वाचकहो, तुम्ही मात्र ते वाक्य शब्दन्‌शब्द वाचलं असणार, याची सत्यशीलाला खात्री आहे. मग आता वर कशाला बघताय?