काच यायचीय

मेघनाअक्कांच्या पोटाला पाचव्या महिन्यात खिडकी बसली आणि धाकट्या जावेच्या, वैजयंताच्या, अंगाचा तिळपापड झाला. दोघी एकाच घरात, एकाच वेळी गरोदर. पण थोरल्या दिरांची खतांची एजन्सी आणि हिचा नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. बार्शीत ज्यांना परवडायचं ते सोलापूरला जाऊन खिडकी बसवून यायचे. बाकीच्या बायका पूर्वीसारख्या बंदच असायच्या.

डोहाळजेवणाला आलेल्या बायका अक्कांची ओटी भरत होत्या आणि वाकून आत बघत होत्या. नाक अगदी सासऱ्यांवर गेलंय म्हणत होत्या. कुणाची नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी काचेच्या कोपऱ्यात तीट लावली आणि लावताना वैजयंताकडं बघितलं. बघणारच की! पोळ्या वाढता वाढता ती जळून कोळसा होत होती. तिचं पहिलं मूल निळं जन्मलं होतं आणि दिवस मावळायच्या आत गेलं होतं. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. हे दुसरं निळं नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

पुढच्याच महिन्यात अक्कांचं बाळ काचेतून निळसर दिसायला लागलं. डॉक्टरांनी काच दोन बोटं सरकवून आत औषध दिलं आणि बाळ गुलाबी झालं.

"हे घराण्यातच असतं म्हणे," अक्का वैजयंताला म्हणाल्या. "तूही बसवून घे गं खिडकी. अंगावर काढू नकोस."

वैजयंता सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टर भल्या होत्या. चौकट मंजूर आहे, काच यायचीय, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं, चौकट बसवली आणि तोवर म्हणून तिच्यात फळी ठोकून दिली. फळी सागाची होती, तक्रारीला जागा नव्हती. वैजयंता रोज तिच्यावर टिचकी मारायची आणि आतून टकटक यायची. अक्कांचं नुसतं दिसतं, माझं बोलतं, असं ती शेजारणींना मुद्दाम अक्कांच्या देखत सांगायची.

नवव्या महिन्यात टकटक मंदावली. वैजयंता धावत दवाखान्यात गेली. सिस्टरनी फळीला कान लावून बराच वेळ ऐकलं.

"काच आल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही, बाई," त्या म्हणाल्या.

बाळ निळंच जन्मलं, आणि राहिलं नाही. काच त्यानंतर आली. मंजूर झालेली वस्तू परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून ती बसवण्यात आली.

अक्का आपलं बाळ मांडीवर घेऊन बघायला बसल्या. काच माझ्यापेक्षा स्वच्छ आहे हो तुझी, म्हणाल्या. खोटं कशाला बोला, होतीच. मध्ये काही येत नसल्यानं थेट पाठीच्या कण्यापर्यंत दिसत होतं. वैजयंता मात्र काचेकडं बघतच नव्हती. अक्कांच्या ते ध्यानात आलं, आणि त्यांनी बाळाच्या तोंडावर पदर ओढला.