डावीकडचा ब्रेक

गाडी मागे जायला लागली.

चांदवडचा घाट, भर दुपार. बॉनेटमधून पांढरी वाफ, इंजिन बंद, आणि मागे कांद्याने भरलेला ट्रक. गाडी चालवत होती माझी नणंद, शकूवन्सं. त्यांनी हँडब्रेक ओढला तर तो नुसताच वर आला. मग भाजीत मीठ घाला म्हणावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "वहिनी, दाबा."

मी दाबला. दोन्ही पायांनी दाबला.

मी काही ड्रायव्हर नाही. मला सायकलसुद्धा येत नाही. तरी डाव्या बाजूला बसलेल्या माझ्या पायाखाली ब्रेक कसा आला, ते आधी सांगते. त्याशिवाय वन्सं कळायच्या नाहीत.

शकूवन्सं माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझं लग्न झालं तेव्हा त्या फ्रॉक घालून बोरं खात हिंडायच्या. तरी त्यांना "अहो वन्सं" म्हणायचं, असं सासूबाईंनी बजावलं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, मी अजून म्हणतेच आहे.

लग्न त्यांनी केलं नाही. दोन स्थळं आली होती. पहिल्याने विचारलं, स्वयंपाक येतो का. वन्संनी विचारलं, तुम्हाला गाडी येते का. त्याला येत नव्हती. दुसऱ्याला येत होती, पण तो सारखा क्लचवर पाय ठेवून चालवतो, असं त्यांनी त्याच्या गाडीत बसून पाहिलं. "ज्याला पाय कुठे ठेवावा कळत नाही, त्याच्याशी काय संसार करायचा?" म्हणाल्या. संपलं.

गाडी त्यांना माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या दादाने शिकवली. पुढे नाशिक रोडला त्यांनी फक्त बायकांसाठी मोटारीचा क्लास काढला आणि म्हातारपण येईपर्यंत चालवला. आमच्या भागातली स्टिअरिंगवर बसलेली कुठलीही पन्नाशीची बाई बघा, ती वन्संच्या हाताखालून गेलेली असणार. अजून चौकात वन्संना पाहिलं की त्या बायका आधी पट्टा नीट करतात, मग नमस्कार करतात.

शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. शिकणारी गोंधळली की शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी दाबायचा. क्लास बंद झाला तेव्हा वन्संनी एक गाडी ठेवून घेतली, ती ह्या डावीकडच्या पेडलांसकट. फरक एवढाच, की आता त्या उजवीकडे बसायच्या आणि डावीकडे मी. आणि सिग्नल आला की हुकूम यायचा, "वहिनी, दाबा." आधी हे कधीमधी व्हायचं, गंमत म्हणून. गेल्या वर्षभरात फारच वाढलं होतं. दत्तमंदिर चौक असो नाहीतर आमच्या गल्लीतला गतिरोधक, "दाबा, वहिनी. हळू. आता सोडा." मला वाटायचं, जन्मभर बायकांना ओरडायची सवय, आता ओरडायला मी एकटीच उरले. मी मुकाट्याने दाबायचे. नाही दाबलं तर अख्खा चौक ऐकेल असं बोलायच्या.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी तळमजल्यावर, त्या दुसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे गेलेले, त्यामुळे जिना चढणं नाही. भेट व्हायची ती गाडीत. भाजी आणायला गाडी, बँकेत गाडी, गंगापूर रोडला त्यांच्या साखरेच्या डॉक्टरकडे गाडी.

आता टर्बोचं सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावाहून परत येत होतो. आमचं गाव चांदवडच्या पलीकडे. येताना चढ लागतो, आणि त्या चढावर कांद्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला. जाता जाता त्यावरचा पोरगा ओरडला, "आज्जे, लय दम लागला का गाडीला? ढकलू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखाली उभ्या राहून वन्संनी मला पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, इंजिन बदलू की टर्बो बसवू?"

मी चौथी शिकलेले. पण नंतरच्या दहा महिन्यांत हा विषय मला पाठ झाला. इंजिन बदलायचं म्हणजे आपलं काढून मोठ्या गाडीचं इंजिन ह्या गाडीत बसवायचं. टर्बो म्हणजे एक पंखा. तो इंजिनाच्याच धुराने फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. इंजिन तेच, पण जोर जास्त.

वन्संनी हे सगळ्यांना विचारलं. दूधवाल्याला विचारलं. साखरेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, आधी पाय दाखवा." वन्संनी विषय बदलला आणि त्या उठून आल्या. घरी पूजेला आलेल्या गुरुजींनी संकल्पासाठी इच्छा विचारली, तर ह्या म्हणाल्या, "इच्छा आहे, पण दोन आहेत. तुम्हीच एक सांगा."

पुढे पुढे तर माणसंसुद्धा त्या ह्याच मापाने मोजायला लागल्या. शेजारच्या काकांनी केस काळे केले तर म्हणे, "टर्बो बसवलाय. इंजिन तेच आहे." कोणाच्या मुलाने दुसरं लग्न केलं तर, "बघू, नवीन इंजिन बॉडीला सोसतं का." मला डॉक्टरने गुडघे बदलायला सांगितले तेव्हा त्यांनी ठाम सल्ला दिला. "ओरिजनल ठेवा, वहिनी. परकी वाटी बसली नाही तर उठायचीही पंचाईत."

शेवटी आम्ही पाथर्डी फाट्याजवळ त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. रज्जाक मिस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि हात पुसले.

"ताई, इंजिनच बदला. टर्बोला इंजिन तरुण लागतं. हे म्हातारं आहे."

"म्हातारं नाही. अनुभवी आहे."

"अनुभवी माणसाला पळवलं तर छातीत कळ येते, ताई." मिस्त्री हसले. "मोठं इंजिन बसवतो. आरटीओचं बघावं लागेल, ते बघू. फक्त जागा कमी आहे. पुढचा पत्रा आत ठोकावा लागेल आणि डावीकडची पेडलं काढावी लागतील. तशीही आता ती काय कामाची?"

वन्संच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"टर्बो," म्हणाल्या.

दहा महिने ज्या बाईने दूधवाल्याची झोप उडवली, तिने एका शब्दात निकाल दिला. मला वाटलं, मिस्त्रींचं ऐकायचं नाही म्हणून. मिस्त्रींनी टर्बो बसवला आणि दहा वेळा बजावलं, "गरमीचा काटा वर गेला की थांबायचं. जास्त दाबायचं नाही. घाटात तर अजिबात नाही."

पंधरवड्यातच गावी नातीचा साखरपुडा निघाला. नात म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी. साखरपुडा छान झाला. येताना चढ सुरू झाला आणि समोर नेमका कांद्याचा ट्रॅक्टर. तो आधीचा नव्हता, पण वन्संना त्याचं काही नव्हतं. टर्बोची शिट्टी वाजायला लागली. आम्ही ट्रॅक्टरच्या पुढे गेलो. मग आणखी एका ट्रॅक्टरच्या पुढे गेलो, मग एका ट्रकच्या. "बघा, वहिनी! ढकलू का म्हणे!" मी म्हटलं, काटा बघा. त्या म्हणाल्या, "आवाज ठीक आहे." मी म्हटलं, कसला आवाज, नुसती शिट्टी ऐकू येतेय. तेवढ्यात पुढे धाडकन झालं, वाफ आली आणि गाडी आधी थांबली, मग मागे सरकायला लागली.

तिथून पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. गाडी उभी राहिली तेव्हा मागच्या ट्रकचा बंपर आमच्या काचेला जवळजवळ चिकटला होता. क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला. ट्रकवाला उतरून आला.

"आज्जी, मरायचं तर घरी मरा ना! आमच्या गाडीखाली कशाला?"

वन्सं दार उघडून रस्त्यावर उभ्या राहिल्या. "तू अंतर किती ठेवलं होतंस? चढावर एवढं जवळ चालवतात? कोणी शिकवलं तुला?"

तो माणूस खरंच मागे वळून आपला बंपर बघायला लागला. मी दुसऱ्या बाजूने उतरून पुढे आले आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवी गाडीतच राहिली होती. खाली डांबर असं तापलेलं, की माझ्या चपलेतून चटका लागत होता. त्या उजवा पाय उघडा टेकून आरामात भांडत होत्या.

"वन्सं, पाय भाजत नाही का?"

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"नाही," म्हणाल्या.

मी त्यांना कडेच्या दगडावर बसवलं. तळव्याला फोड आला होता. पाण्याची बाटली मी त्यावर ओतली.

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं, कळत नाही त्या पायाला काही. एक्सलेटरचं जमतं. इंजिनाचा आवाज पाठ आहे, किती दाबला ते कानाने कळतं. आज शिट्टीने घोळ केला." त्यांनी पाय पुसला. "ब्रेक कानाने कळत नाही. म्हणून तुम्ही."

"म्हणजे वर्षभर गाडी मी थांबवत होते?"

"बऱ्यापैकी थांबवता. वळणावर जरा जोरात दाबता."

पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत शाळेची पोरं असतात, तेही बोलले. मग विचारलं, मला सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं तर बसला असता?"

"नसते बसले. आणि तुम्हालाही बसू दिलं नसतं."

"मग?"

मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली. वाद न घालता दिली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. साखरपुड्याचे पेढे पिशवीत होते. साखरेचं माणूस, तरी त्यांनी एक खाल्ला आणि मी खाऊ दिला.

"दादा गेल्यापासून आपण दोघी बोलतो ती गाडीतच, वहिनी," त्या म्हणाल्या. "गाडी गेली की तुम्ही खाली, मी वर."

मी म्हटलं, "आधी पाय वर घ्या."

फोड भरायला पावणेदोन महिने लागले. डॉक्टर मलाही रागावले, ते मी ऐकून घेतलं. गाडी मिस्त्रींच्या आवारात उभी आहे. ते फोन करून विचारतात, इंजिन बदलू का. वन्सं सांगतात, विचार चालू आहे, आणि फोन ठेवून मला विचारतात. पेडलं काढल्याशिवाय जमत असेल तर बघू, असं मी सांगते. किल्ली माझ्या डब्यात आहे आणि तिथेच राहील.

संध्याकाळी चारला त्या खाली येतात. उजव्या पायाला पायरी कळत नाही, म्हणून मी जिन्याच्या तळाशी उभी राहून सांगते. "आली. टेका. हळू. आता दुसरा." त्या म्हणतात, वहिनी, फार ओरडता. मग चहा होतो. बाहेर जायचं असेल तर रिक्षा करतो. सिग्नल आला की त्या सवयीने म्हणतात, "दाबा," आणि मी रिक्षाचा पत्रा दाबते. रिक्षावाला आरशातून बघतो.

त्या दिवशी घाटात गाडीत आम्ही दोघी होतो. गाडी गेली, तरी दोघी आहोत.