केळीच्या पानावरचा गियरबॉक्स

शिरवण्यात बाळाराम तात्यांच्या अंगणात दर शनिवारी केळीचं पान मांडलं जायचं आणि त्यावर गियरबॉक्स वाढला जायचा.

अगदी पंगतीत वाढतात तसा. मिठाच्या जागी वॉशर, चटणीच्या जागी स्प्रिंगा, भाताच्या जागी मोठी दातेरी चाकं. "लिवून कशाला ठेवाचा? पानावर मीठ कुठं, ते इसरतो काय मानूस?" असं तात्या म्हणायचे.

मी त्यांचा भाडेकरू, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कारकून. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा जमिनीपेक्षा नकाशावरच जास्त होती. तात्यांची फटफटी मिलिटरीच्या लिलावातली, चिखला-खड्ड्यांत चालवायला बनवलेली आणि जवळपास त्यांच्याच वयाची. तिच्यात त्यांना सारखी खडखड ऐकू यायची. मला कधीच आली नाही. स्क्रूड्रायव्हरचा लाकडी दांडा कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "खडखड हाय!"

मग शनिवारी खोलायचं, रॉकेलनं धुवायचं, जोडायचं आणि रविवारी 'ट्रायल'. ट्रायलला जाताना मागे पाण्याचा कॅन बांधलेला. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कारकूनसायेब, मशिनीतलं तुमाला काय कलतं?"

खरंच कळत नव्हतं.

एका शनिवारी पान नुकतंच वाढून झालं होतं, तेवढ्यात ठाण्याकडे निघालेला एक टेम्पोवाला निरोप देऊन गेला. तात्यांची एकुलती एक लेक शेवंता द्रोणागिरीच्या बाजूला दिलेली. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. सकाळपासून ती अडली होती.

दुपारची एसटी निघून गेलेली. तात्या घाईघाईनं फटफटी जोडायला बसले. वेळ वाचावा म्हणून मी मदत केली, म्हणजे घोळ घातला. मी त्यांच्या समोर बसलो होतो. एकेक भाग पुसून पानावर परत ठेवताना मी मीठ माझ्या डावीकडे वाढलं, म्हणजे त्यांच्या उजवीकडे. त्यांनी नेहमीच्या विश्वासानं जोडलं. किक मारली, पहिला गियर पडला, दुसरा पडला, तिसरा काही केल्या लागेना.

तेव्हा कुठं माझा डाव्या-उजव्याचा घोळ माझ्या लक्षात आला. मी कबूल करून टाकलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

"दुसरा हाय ना?" पाण्याचा कॅन बांधता बांधता तात्या म्हणाले. "बसा मागं."

सगळा रस्ता आम्ही दुसऱ्या गियरमध्ये काढला. मिठागरांच्या बांधावर तर गियरबॉक्स असा खडखडत होता, की माझे दातही त्याला साथ देत होते. तात्यांना काही ऐकू येत नव्हतं.

विहीणबाई ओट्यावरच उभ्या होत्या. "पोरगी झाली! दोघी पन बऱ्या हायेत!"

तात्या मटकन पायरीवर बसले. त्यांचा घसा कोरडा पडलेला दिसला, म्हणून मी कॅन सोडून पुढे केला. विहीणबाई हसल्या.

"दोन वर्सं झाली, दर आयतवारी ट्रायलच्या नावानं येतात. उंबऱ्याबाहेरूनच लेकीला बगतात, त्या कॅनातलं पानी पितात नि जातात. लेकीला पोर होईस्तवर तिच्या घरचं पानी बापाला चालत नाय ना!"

मी तात्यांकडे बघितलं. दोन वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजत होतो. माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी कॅन हातानं बाजूला सारला. "विहीनबाई, पानी द्या."

तांब्या आला. तात्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि थेंब न सांडता ते तळापर्यंत प्याले. मग रिकामा तांब्या पुढे केला.

"अजून एक द्या."