हेडक्लार्कांचं घरगुती वीजकेंद्र

हेडक्लार्कांनी छतावर सोलर बसवलं आणि त्याच दिवसापासून त्यांच्या बोलण्यात वीजमंत्र्यांचा थाट आला. ऑफिसात त्यांच्या डोक्यावर पाच साहेब होते. छतावर मात्र फक्त सूर्य.

"वर्षाचे तीनशे दिवस ऊन! आणि लोक त्यात काय करतात? कपडे वाळत घालतात!" ते शेजाऱ्यांना सुनवायचे. "लाईट गेली की खुशाल माझ्याकडे या. फॅनखाली बसा. संकोच नको."

बॅटरीचं सोलरवाल्यानं दोनदा विचारलं होतं. "ऊन काय धान्य आहे साठवून ठेवायला?" म्हणून यांनी त्याला गप्प केलं. (गप्प करण्यासारखा माणूस त्यांना आयुष्यात फार उशिरा भेटला होता.)

मग एका रविवारी भर दुपारी अख्ख्या गल्लीची लाईट गेली. पाच मिनिटांत शेजारी हजर! रिटायर्ड मास्तर चार्जर घेऊन, मास्तरीणबाई मिक्सरचं भांडं घेऊन, आणि शिवणकाम करणाऱ्या काकू तर चक्क इलेक्ट्रिक मशीन कडेवर घेऊन. त्यांचं गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं.

हेडक्लार्कांनी सगळ्यांना बसवलं आणि ऐटीत फॅनचं बटण दाबलं. फॅन ढिम्म. दुसरं दाबलं. तिसरं दाबलं.

"ऊन कमी पडत असेल," मास्तर घाम पुसत म्हणाले.

हेडक्लार्कांनी तावातावानं सोलरवाल्याला फोन लावला. त्याची झाडाझडती सगळ्यांनी ऐकावी म्हणून स्पीकरवर.

"साहेब, बाहेरची लाईन गेली की आपलंही आपोआप बंद होतं. नाहीतर तुमची वीज तारेत शिरेल आणि खांबावरचा लाईनमन जिवानिशी जाईल. बॅटरी असती तर घरापुरतं चाललं असतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगतच होतो. पण तुम्ही मला सूर्याची माहिती देत होतात."

काकूंनी मशीन पुन्हा कडेवर घेतलं.

तासाभरानं लाईट आली. लाईनमन पाणी प्यायला दारात थांबला. छताकडे बघून म्हणाला, "बरं झालं साहेब, तुमचं बंद पडलं. म्हणून मी धडपणे खाली उतरलो."

हेडक्लार्कांची छाती पुन्हा फुगली. ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? एक जीव वाचला माझ्यामुळे!"

"ऐकलं हो," बायको म्हणाली. "आता घरातही असंच बंद पडून राहा. आम्हीही जगू."