विषय : डाळ न शिजणेबाबत

पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चव नसते, असं शास्त्र सांगतं. ज्याला यातलं काहीच नाही त्याच्याबद्दल तक्रार तरी कसली, असं प्रशासन सांगतं. दोन्ही बाजू अभ्यासू आहेत.

आमचा ओहोळपाडा डहाणू आणि तलासरीच्या मध्ये आहे (नळ बिघडला की डहाणूवाले म्हणतात तलासरीत जा, तलासरीवाले म्हणतात डहाणूला विचारा). नळ तीन वर्षांपूर्वी आला. बोअरचं पाणी टाकीत चढतं, टाकीतलं नळाला उतरतं. पाण्यात क्षार जरा मोकळ्या हाताने पडलेत. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. हिराबाई त्याला 'मेलं पाणी' म्हणते.

आधी फायदे नोंदवतो. साबण फेसात वाया जात नाही, कारण फेसच होत नाही. केस एकदा धुतले की वळवाल तसे आठवडाभर उभे राहतात. भांडी झिजत नाहीत, उलट वाढतात. शाळेतलं डाळीचं पातेलं घेतलं तेव्हा सव्वादोन किलोचं होतं, आता आतल्या पांढऱ्या थरासकट तीन किलोला टेकलंय. मागच्या तपासणीत साहेबांनी ते उचलून पाहिलं आणि शेरा दिला : 'साहित्याची जपणूक उत्तम.'

तोटा एकच. डाळ शिजत नाही.

हिराबाई आमच्या शाळेत त्रेचाळीस मुलांचं जेवण रांधते. नवरा गेल्यापासून ती आणि तिची सासू याच कामावर जगतात. एक दिवस चौथीतल्या रूपीने ताटली कानाशी नेऊन हलवली आणि जाहीर केलं, "मावशी, डाळ वाजते."

तक्रार वर गेली (आमच्या पाड्यातून मोटर न लावता वर जाणारी ती एकच गोष्ट). पंधरा दिवसांनी नोटीस खाली आली. डाळ न शिजण्याचा खुलासा सात दिवसांत करावा. न केल्यास दोष मान्य असल्याचं समजून कामावरून कमी करण्यात येईल.

हिराबाई नोटीस पदराला बांधून पाणी गुणवत्ता कक्षात गेली. "सायेब, पाणी जड हाय. विहिरीच्या पाण्यात हीच डाळ मेणासारखी व्हायची."

"असेल," कक्षातले साहेब म्हणाले. "पण ते तुम्ही म्हणून चालणार नाही. पाण्याने म्हणायला हवं."

पाण्याला बोलतं करायचं काम हिराबाईच्या जावेकडे, लाडकीकडे होतं. तिने एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलंय, तिच्याकडे प्रमाणपत्र आणि निळी पेटी आहे. पद्धत सोपी आहे. छोट्या बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं, पूड टाकली की ते लाल होतं. मग औषधाचे थेंब मोजत सोडायचे. आठ थेंबांत निळं झालं तर पाणी उत्तम. चोवीसपर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढे जड.

लाडकीने चोवीस सोडले. पाणी लाल. साठ सोडले. लालच. एकशे दहाव्या थेंबाला बाटली काठोकाठ भरली, म्हणून तिने सगळं तांब्यात ओतून पुढे मोजलं. एकशे ऐंशीला औषध संपलं. ते वर्षभरासाठी दिलेलं होतं.

"बाय," लाडकी हिराबाईला म्हणाली, "याला औषध नाय लागू."

अर्जावर तिने प्रामाणिकपणे लिहिलं : 'रंग बदलला नाही.' कक्षात यावर सखोल विचार झाला. रंग बदलला नाही, म्हणजे चाचणी पूर्ण झाली नाही. पूर्ण न झालेल्या चाचणीत दोष आढळू शकत नाही. मात्र अर्जातला रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती, म्हणून साहेबांनी दोघींना परत बोलावलं.

"हा नमुना चाचणीला झेपत नाही. पातळ करून आणा."

"पाणी पातळ करू?" लाडकीने विचारलं. "कशाने?"

"पाण्याने," साहेब म्हणाले, आणि टेबलावरची विकतची बाटली तिच्यापुढे सरकवली.

एक वाटी नळाचं, नऊ वाट्या बाटलीतलं. औषधाची नवी कुपी फोडली. बाविसाव्या थेंबाला पाणी निळं झालं.

"बघा," साहेब मनापासून म्हणाले, "उगाच पाण्याला बदनाम करत होता."

प्रमाणपत्र प्लास्टिकात घालून शाळेच्या नळावर लावण्यात आलं. (खालचा कोपरा आठवडाभरात पांढरा पडला.) आता पाणी निर्दोष ठरल्यावर संशयित दोनच उरले : डाळ आणि हिराबाई. डाळ शासनाने पुरवलेली होती.

तरीही कुणावर अन्याय नको, म्हणून प्रत्यक्ष शिजवून पाहणारी समिती नेमली. सदस्य सहा. पाच कार्यालयातले, सहावा नागरिक प्रतिनिधी. त्याच्यासाठी अट एकच, त्याची पाण्याबद्दल काहीही तक्रार नसावी. पाड्यात असा माणूस मिळाला नाही (एक जिव्या मिळाला होता, पण तो बारा महिने वापीला कामाला असतो, असं निघालं). सहावी खुर्ची रिकामी ठेवून समिती आली.

जीपमधून आधी विकतच्या पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके उतरले. दौऱ्यावर प्रकृती सांभाळावी लागते. खोके सावलीला म्हणून स्वयंपाकाच्या खोलीत ठेवले आणि समिती मुख्याध्यापकांच्या खोलीत पंख्याखाली बसली.

हिराबाईने डाळ धुतली. नळाकडे पाहिलं, नळावरच्या कागदाकडे पाहिलं, मग खोक्यांकडे पाहिलं.

अर्ध्या तासात डाळ विरघळली. रूपीने ताटली कानाशी नेली. आवाज नाही. समितीने दोनदा वाढून घेतलं.

"बाई, हाताला चव आहे हो तुमच्या!" अध्यक्ष म्हणाले. "मग इतके दिवस काय झालं होतं?"

"पाणी, सायेब. आज तुमच्याच बाटल्या ओतल्या. चोवीसच्या चोवीस."

अध्यक्षांनी ताटली खाली ठेवली.

"अहो, मग आम्ही काय प्यायचं?"

"नळ हाय की," हिराबाई म्हणाली. "वर कागद लावलाय बघा तुमचाच."

अहवाल जीपमध्येच लिहिला गेला (सगळ्यांना तहान लागली होती, त्यामुळे तो आटोपशीर आहे). डाळ निर्दोष. पाणी निर्दोष, हे पूर्वीच सिद्ध. स्वयंपाकीण कुशल, सबब आजवर डाळ कच्ची राहिली ती जाणूनबुजून. शिवाय प्रमाणित पाणी नळाला उपलब्ध असताना तिने प्रमाणपत्र नसलेलं पाणी मुलांना घातलं. शिफारस : कामावरून कमी करावे.

पाच सह्या झाल्या. सहावी नाही, म्हणून आदेश अडकलाय. हिराबाई अजून रोज चूल पेटवते, डाळ अजून रोज वाजते आणि ती रोज दारातून पोस्टमनची वाट बघते, तो येऊ नये म्हणून.

कार्यालयाने मला विचारलं, पाण्याबद्दल तक्रार नसलेला एखादा सुशिक्षित नागरिक माहीत आहे का? मी तुमचं नाव दिलं. हे वाचताना तुमच्या हाताशी ग्लास असेल, भिंतीवरच्या यंत्रातून गाळलेला. तुमची डाळ तीन शिट्ट्यांत मऊ होते. तुमची कसलीच तक्रार नाही. अट पूर्ण होते.

अहवाल तुमच्या नावे निघाला आहे. मान्य नसेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं होतं. न कळवल्यास सही धरली जाते. आज सातवा दिवस आहे. कार्यालय बंद व्हायला आलंय, आणि तुम्ही इतका वेळ हसत बसलात.